महालातल्या घराचा सागवानी जिना: पायऱ्या झिजल्यात, काढून टाकू की दुरुस्त करू?

चौदापायऱ्या | ८ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, विटा-चुन्याचं, वर लाकडी तुळया. खालून वर जाणारा जिना पूर्ण सागवानी आहे. चौदा पायऱ्या, तीन फूट रुंद, फळी दीड इंच जाड. दोन्ही बाजूंना जाड फळ्या आणि त्यांच्या मध्ये पायऱ्या, म्हणजे पेटीसारखा बंद जिना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा.

पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मोजलं, तर पुढच्या कडेला मध्यभागी ११ मिलिमीटर झीज निघाली. सहाव्या पायरीची पुढची कड हातभर लांबीत तुटली आहे. जवळजवळ सगळ्याच पायऱ्या करकरतात. वरून चॉकलेटी ऑइल पेंटचे किती थर असतील देव जाणे.

ठेकेदार बघून गेला. म्हणाला, काढून टाका, लोखंडी सांगाडा आणि त्यावर ग्रॅनाइट, आठ दिवसांत मोकळे. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. देवघर वर आहे, त्यामुळे त्या दिवसातून दोनदा चढतात-उतरतात. जिना काढायचं नाव काढलं की त्या गप्प होतात, आणि तेच मला बघवत नाही. पण त्या पडल्या तर? घरात सहा वर्षांचा मुलगाही आहे. अनुभवी लोकांनी सांगा. मला शिकायची तयारी आहे.

लकडगंजवाला | ८ फेब्रुवारी

ताई, घाई नका करू. आमची तिसरी पिढी लाकडाच्या धंद्यात आहे म्हणून सांगून राहिलो. त्या काळातलं सागवान म्हणजे आलापल्ली-बल्लारपूरकडचं, सावकाश वाढलेल्या जाड झाडाचं, वर्षवलयं एकमेकांना खेटून असलेलं. आज बाजारात जे भेटते ते बहुतेक लागवडीचं, कमी वयात तोडलेलं. त्यात पांढरं लाकूड जास्त निघते. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान कुठून गेलं? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडूनच. तुमच्या पायाखाली तेच आहे.

आधी हे करा. जिन्याखालून जाऊन एका पायरीचा मागचा भाग पटाशीनं नखाएवढा खरवडा. आतून मधासारखा सोनेरी-तपकिरी रंग आला आणि चामड्यासारखा वास आला तर सागवान पक्कं. मग पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घ्या आणि जिथे लाकूड भिंतीला, जमिनीला टेकते तिथे तिथे टोचत जा. टोक खचकन आत गेलं तर उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं समजा. मातीच्या नळ्या दिसतात का बघा. बारीक छिद्रं आणि मैद्यासारखी भुकटी दिसली तर ती उधई नाही, ते भुंगे आहेत, त्याचा उपाय वेगळा. सागाचा गाभा सहसा कोणी खात नाही, पण कडेचं पांढरं लाकूड खातात.

बर्डीकर | ९ फेब्रुवारी

मी वेगळं मत मांडतो, वाईट वाटून घेऊ नका. माझी आई अशाच जिन्यावरून पडली. झिजलेल्या पायरीवर ओला पाय, पावसाळा, हातात कळशी. मांडीचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी चाललीच नाही. आम्हीही 'आजोबांची आठवण' म्हणत दोन वर्षं काढली होती. सागवान कितीही चांगलं असलं तरी माणसापेक्षा मोठं नाही. जे कराल ते लवकर करा, आणि करेपर्यंत देव खाली आणा.

चौदापायऱ्या | ९ फेब्रुवारी

बर्डीकर, वाचून पोटात कालवलं. आजच देव खाली आणले, सासूबाई काही बोलल्या नाहीत. तुमचा मुद्दा मी बाजूला टाकणार नाही.

धंतोलीची रेघ | ९ फेब्रुवारी

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे. बर्डीकरांचं दुःख खरं आहे आणि म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगते: पडण्याचं कारण लाकूड नसतं, असमान पायरी असते. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि मग डोळे न बघता चढतो. मध्येच एखादी पायरी कमी-जास्त निघाली की तोल गेला.

चौदाही पायऱ्यांची उंची मोजून इथे टाका, मध्यावर आणि भिंतीजवळ, दोन्हीकडे. आणि कोणी सांगितलं की जुन्या पायऱ्यांवरच प्लायवूड किंवा नवी फळी ठोकून घ्या, तर ऐकू नका. समजा प्रत्येक पायरी एक इंचानं वाढवली. मधल्या सगळ्या सारख्याच राहतील, पण सर्वांत खालची पायरी एक इंच उंच होईल आणि सर्वांत वरची एक इंच बुटकी, कारण जमीन आणि माडी जागची हलत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना सापळा.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ प्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाय ठेवायची जागा किमान २५० मिलिमीटर असावी. जुने जिने या मापात बसत नाहीत. तो चढ दुरुस्तीनं कमी होणार नाही, हे मनाशी पक्कं धरा. ग्रॅनाइट लावूनही होणार नाही, कारण जागा तेवढीच आहे. चढ कमी करायचा तर जिना लांब न्यावा लागेल.

चौदापायऱ्या | ११ फेब्रुवारी

मापं घेतली. भिंतीजवळ सगळ्या पायऱ्या २२८ ते २३० मिलिमीटर, म्हणजे बरोबर नऊ इंच. ज्यानं बांधला त्याचा हात किती पक्का असेल! पाय ठेवायची जागाही नऊ इंच. मध्यावर मात्र २२० पासून २३७ पर्यंत काहीही येतं. म्हणजे जिना बिघडलेला नाही, फक्त मधली वाट बिघडली आहे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी कधी मधून चालतच नाही गं, भिंतीला धरून चालते. मधून तुझे सासरे धावत असत."

पेचकसानं टोचून झालं. खालून पहिल्या पायरीच्या उभ्या फळीचा जमिनीला टेकलेला कोपरा भुसभुशीत आहे, मातीची एक जुनी नळी आहे पण कोरडी. बाकी सगळं दगडासारखं. हे बघण्यासाठी जिन्याखालची अडगळ पहिल्यांदाच पूर्ण बाहेर काढली. तांब्याचा बंब, मोडका चरखा आणि नवऱ्याचा लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल, दोन चाकं गेलेला.

झाडीपट्टी | ११ फेब्रुवारी

भंडाऱ्याकडचा आहे, घरात वाढईकाम, म्हणजे सुतारकाम, होतं. ताई, पायऱ्या बाजूच्या फळ्यांत कशा बसवल्या आहेत? खाच पाडून आत सरकवल्यात की खाली गुटके, म्हणजे लाकडाचे ठोकळे, ठोकून त्यांवर टेकवल्यात? खालून फोटो टाका. गुटक्यांवर टेकल्या असतील तर तुमचं नशीब चांगलं.

चौदापायऱ्या | १२ फेब्रुवारी

फोटो टाकला आहे. प्रत्येक पायरीखाली दोन्ही बाजूंना वीतभर लांबीचे गुटके आहेत, मोठ्या खिळ्यांनी ठोकलेले.

झाडीपट्टी | १२ फेब्रुवारी

मग पायऱ्या उलट्या करा.

आमचे आजोबा हेच करायचे. फळी सोडवायची, पालथी घालायची आणि मागची कड पुढे आणायची. वरची झिजलेली बाजू खाली जाते. पुढची झिजलेली कड मागे, उभ्या फळीजवळ जाते, तिथे पाय पडत नाही. वर येते ती कोरी बाजू, जिच्यावर इतक्या वर्षांत कोणी पाय ठेवलेला नाही. पायरीची उंची मूळची होती तीच येते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर, त्यातून ११ गेले तरी २७ मिलिमीटर जुनं सागवान उरतं, आणि तेही मागच्या बाजूला. मनाच्या समाधानासाठी झिजलेल्या भागाखाली एक आडवी पट्टी स्क्रूनं द्या. नव्या पुढच्या कडेला रंध्यानं गोलाई मारा.

खिळे मात्र पहारीनं उचकटू नका. फळी आणि गुटका यांच्या फटीत लोखंड कापायची पातळ ब्लेड घाला आणि खिळा तिथेच कापा.

लकडगंजवाला | १२ फेब्रुवारी

हाच खरा इलाज. मी सांगायला पाहिजे होतं, डोक्यातून गेलं. तुटक्या कडेच्या सहाव्या पायरीला नवी पट्टी जोडावी लागेल. ती नव्या सागाची घेऊ नका. लकडगंजच्या लाकूड बाजारात पाडलेल्या घरांच्या जुन्या चौकटी, तुळया भेटतात. आरा मशीनवर पाहिजे त्या जाडीची चिरून देतात. आधी खिळे तपासून घ्या, नाहीतर आऱ्याचं पातं जाते आणि पैसे तुम्हाला भरावे लागतात. चिरून आणली की दोन-तीन आठवडे घरातच, जिन्याजवळ आडवी ठेवा.

धंतोलीची रेघ | १३ फेब्रुवारी

पट्टीचे रेषे पायरीच्या रेषांच्या दिशेनंच जाऊ द्या. आपल्या गावात लाकूड वर्षभर हलत असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ते आखडतं, श्रावणात फुगतं. नऊ इंच रुंद फळीत दोनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्यात कूलर! जिन्याजवळ कूलर लावत असाल तर एका बाजूला ओल आणि दुसरीकडे रखरख, फळी वाकायला आणखी काय लागतं? जोडकाम भर उन्हाळ्यात करू नका, भर पावसातही नको. फेब्रुवारी अखेर ते मार्च चांगला काळ आहे, कूलर सुरू व्हायच्या आत उरका.

खोलगट जागा फेविकॉल आणि लाकडाच्या भुशानं भरायचा सल्ला मिळेल. भिंतीवरच्या चौकटीला चालतं ते. पायाखाली पापुद्रा होऊन निघतं.

रंगारी | १४ फेब्रुवारी

रंगाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि घरात सहा वर्षांचं पोर आहे म्हणून लिहितो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडा पॉलिश पेपर मारू नका आणि मशीन तर बिलकूल नको. ती धूळ मुलाच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो, आणि तो परत भरून निघत नाही.

रंग ओला ठेवून खरवडा, किंवा रिमूव्हर लावून. हीट गन वापरली तर कमी आचेवर, रंग फक्त मऊ होईपर्यंत, धूर निघता कामा नये. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला रंग पिशवीत बांधा, झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मुलाला त्या दिवसांत मामाकडे पाठवा.

पायऱ्या उलट्या केल्या तर वरचा रंग काढायची गरजच पडणार नाही, तो खाली जाईल. फक्त बाजूच्या फळ्या आणि कठडा राहील.

चौदापायऱ्या | २ मार्च

काम सुरू केलं. मुलगा मामाकडे, धरमपेठेत. मिस्त्री इथल्याच एका सभासदानं सुचवले, साठीच्या पुढचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. जिन्यावर बसून राहिले, हात फिरवत. मग म्हणाले, "बाई, हे काम करणारा माणूस आता भेटणार नाही, पण त्यानं केलेलं सोडवता येते."

एक चूक झाली ती आधी सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मिस्त्री जेवायला गेले असताना नवऱ्यानं अकरावी पायरी पहारीनं उचलायचा प्रयत्न केला. झाडीपट्टींनी सांगितलेलं मी त्याला वाचूनही दाखवलं होतं. टोकाला खिळा होता, तिथून फळी वीतभर चिरली. फट अरुंद होती म्हणून मिस्त्रींनी सिरिंजनं आत गोंद सोडला, शिकंजा लावून रात्रभर ठेवली. जोड दिसतो, पण पक्का आहे.

आणि आता जे सांगायला मी दोन दिवस थांबले होते ते. तिसरी पायरी सुटली, पालथी केली. खालची बाजू राखेच्या रंगाची, धुळीनं माखलेली. रंध्याचा पहिला हात फिरला आणि खालून सोनं निघावं तसा रंग आला. रंध्यातून निघालेली साल कागदासारखी पातळ, गुंडाळी होऊन माझ्या पायाशी पडली. तिला अजून वास होता! इतक्या वर्षांनी! फळीच्या टोकाला पटाशीनं मारलेले तीन काप होते, शेजारी शेजारी. चौथ्या पायरीला चार. मिस्त्री म्हणाले, ही जुळणीची खूण, कोणती फळी कुठे बसवायची त्याची. सासूबाईंना खुर्ची आणून दिली, त्या दुपारभर तिथेच बसून होत्या. बाराव्या फळीचे काप त्यांनी स्वतः बोट ठेवून मोजले.

झाडीपट्टी | २ मार्च

रंधा मारून त्या खुणा घालवू नका. टोकाला आहेत, बाजूच्या फळीजवळ राहतील. तसंच सोडा.

बर्डीकर | ३ मार्च

वाचून बरं वाटलं. कठड्याकडे आणि उजेडाकडेही बघा.

चौदापायऱ्या | ३ मार्च

हो बर्डीकर, तुमच्यामुळेच ते यादीत पहिलं आहे. भिंतीच्या बाजूनं सागाचा गोल दांडा लावणार, खालपासून वरपर्यंत न तोडता, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे नेणार. दिव्याला खाली आणि वर दोन्हीकडे बटण.

एक प्रश्न: करकर कशानं बंद होईल? आणि सहाव्या पायरीची जोडलेली पट्टी काल हाताला सुटून आली. गोंद नवा होता.

लकडगंजवाला | ३ मार्च

गोंदाचा दोष नाही. जुन्या सागात तेल असते, ते वर येऊन बसते आणि गोंद धरत नाही. दोन्ही तोंडं ताज्या रंध्यानं साफ करा, थिनरच्या फडक्यानं पुसा, थिनर उडाला की लगेच गोंद लावून आवळा. सकाळी रंधा मारून संध्याकाळी जोडू नका. आत दोन-तीन लाकडी खुंट्या पण द्या.

करकर म्हणजे लाकडावर लाकूड घासणं. पायरी आणि उभी फळी यांच्यात सुकून जागा झाली की पाय पडला की घासते. वरून खिळे ठोकू नका, ते महिन्यात ढिले होतात. खालून, जिथे दोन्ही भेटतात त्या कोपऱ्यात तिकोनी गुटके गोंद आणि स्क्रू लावून बसवा. गुटका आणि पायरीत फट असेल तिथे पातळ पाचर, हातानं दाबून बसेल इतकीच. हातोडीनं ठोकली तर पायरी उचलली जाते.

रंगारी | ९ मार्च

शेवटच्या हाताबद्दल. मेलामाइन लावू नका, ते कपाटाला ठीक आहे, पायाखाली सोलतं. लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग. पीयूमध्ये (पॉलियुरेथेन पॉलिशमध्ये) जमिनीसाठी असलेला मॅट प्रकार टिकतो, पण एका जागी उडाला तर आख्खी पायरी घासावी लागते.

मी उकळलेलं जवसाचं तेल लावेन. घाणीवरचं खायचं तेल नाही, ते आठवडे-आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, कोरडं दिसेपर्यंत. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. वर्ष-दोन वर्षांनी जिथे फिकट दिसेल तिथे फडक्यानं पुन्हा लावता येतं. मेण पायरीवर कधीच नको, घसरतं.

हे नीट वाचा: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळा करून ठेवलेल्या फडक्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा, मगच टाका.

चौदापायऱ्या | २६ मार्च

झालं. चौदापैकी बारा पायऱ्या उलट्या केल्या. पहिली आणि शेवटची नाही, त्यांना मागून खाच होती, त्यांची पुढची कड सरळ कापून जुन्या सागाची पट्टी जोडली. खालचा भुसभुशीत कोपरा कापून नवा तुकडा बसवला, आणि तो जमिनीपासून बोटभर वर ठेवून खाली दगडाची चीप दिली, म्हणजे फरशी पुसताना ओल लागणार नाही. वाळवीचं औषध मारून घेतलं. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला मिस्त्रींनी तीन बारीक खाचा ओढल्या, पायाला कळतात.

मध्यावरची मापं: सगळीकडे २२८ ते २३१.

खर्च ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी आला. वेळ मात्र आठ दिवसांऐवजी चोवीस. चढ तसाच आहे, रेघताई म्हणाल्या होत्या तसाच. गुढीपाडव्याला देव वर गेले. सासूबाई एक हात दांड्यावर ठेवून चढल्या, मधून.

नवा सभासद: इतवारीकर | ३० ऑगस्ट

धागा जुना आहे पण आमच्याकडे तसाच जिना आहे म्हणून विचारतो. पावसाळ्यात जोड कसे राहिले?

चौदापायऱ्या | ३१ ऑगस्ट

चांगले राहिले. सहाव्या पायरीच्या जोडावर मे महिन्यात केसाएवढी रेघ दिसत होती, जुलैत ती मिटली. अकरावीची चीर जशीच्या तशी. नववी पायरी जुलैमध्ये पुन्हा थोडी करकरायला लागली, पाचर फुगून पायरी उचलत होती. ती काढून पातळ केली, थांबली. तुम्ही पाचरी जरा सैलच ठेवा. उन्हाळ्यात कूलर जिन्यासमोरून हलवून खिडकीत नेला होता, तेवढं नक्की करा.

कापलेल्या कडांचे तुकडे मी ठेवून दिले होते. मिस्त्री परवा येऊन गेले आणि त्यातून त्या जुन्या बैलाला दोन चाकं करून दिली. बैलाचाही जुना रंग ओला ठेवूनच काढला. तान्ह्या पोळ्याला मुलगा तोच बैल घेऊन निघणार आहे, आजीनं झूल शिवायला घेतली आहे.